महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतील औषधशास्त्र संशोधन

औषधशास्त्र ही औषध शरीरात काय घडवून आणते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, या दोन प्रश्नांचा अभ्यास करणारी वैद्यकाची शाखा होय. महाराष्ट्रातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी हा विषय शिकवला जातो आणि एमडी या पदव्युत्तर पदवीसाठीही तो घेता येतो. या विभागांतील प्राध्यापकांनी सर्पगंधेनंतरच्या काळात गुळवेल, बुरशीनाशक औषधे, औषधांचे दुष्परिणाम आणि औषधयोजनेची तपासणी अशा अनेक दिशांनी संशोधन केले. मात्र औषधांविषयीचे राज्यातील काही महत्त्वाचे शोध या विभागांच्या बाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि तालुक्याच्या गावातील दवाखान्यांत लागले, ही या विषयाच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे.

संज्ञा

मराठीत या विषयाच्या नावाबद्दल विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. औषधशास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी. गोळ्या, मलमे, इंजेक्शने तयार करण्याचे शास्त्र ते औषधनिर्माणशास्त्र, म्हणजे फार्मसी. त्याची महाविद्यालये आणि पदव्या वेगळ्या आहेत. शासकीय रुग्णालयांच्या पाट्यांवर दिसणारे ‘औषधवैद्यकशास्त्र’ हे तिसरेच प्रकरण असून त्याचा अर्थ मेडिसिन, म्हणजे फिजिशियनचा विभाग. तीन विषयांची नावे एकाच शब्दाने सुरू होत असल्याने बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची फसगत होणे स्वाभाविक आहे.

विभागाचे स्वरूप

औषधशास्त्र विभागाला स्वतःचा वॉर्ड नसतो. शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग या विभागांच्या प्राध्यापकांसमोर रोज रुग्ण येतात. औषधशास्त्राच्या प्राध्यापकासमोर वर्गातील विद्यार्थी, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असते. त्यामुळे रुग्णाच्या खाटेपाशी निर्माण झालेला प्रश्न या विभागापर्यंत पोहोचवणारे कोणी तरी असावे लागते. जिथे असा दुवा निर्माण झाला, तिथले संशोधन टिकले. जिथे झाला नाही, तिथे पुष्कळसे काम उंदरांवरील प्रयोग आणि प्रबंधांची कपाटे यांच्यापुरते मर्यादित राहिले.

एकेकाळी या विभागाची ओळख म्हणजे बेडकाचे हृदय, सशाचा डोळा आणि गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा. काजळी धरलेला कागद गुंडाळलेले नळकांडे संथ गतीने फिरे आणि स्नायूच्या आकुंचनाची रेषा त्यावर पांढरी उमटे. अ‍ॅड्रिनलीन, अ‍ॅसिटिलकोलीन, अ‍ॅट्रोपीन यांची क्रिया विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या अशा रेषांवरून शिकल्या. २०१४ नंतर पदवी अभ्यासक्रमातील प्राण्यांवरील प्रयोगांची जागा संगणकीय प्रतिकृतींनी घेतली. संशोधनासाठी प्राणी वापरायचे असल्यास प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये नेमलेल्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. या बदलाविषयी शिक्षकांत दोन मते आहेत. परंतु एका बेडकाभोवती दहा विद्यार्थी उभे राहून त्यांपैकी आठांना काहीच दिसत नसे, हेही खरे.

पार्श्वभूमी: सर्पगंधा

मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. भारतीय औषधी वनस्पतीची आधुनिक पद्धतीने रुग्णांवर परीक्षा घेऊन तिला जगभर मान्यता मिळवून देण्याचे पहिले मोठे उदाहरण याच केईएममधील आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात पूर्वीपासून होत असे. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच तिच्या रक्तदाब कमी करण्याच्या गुणाविषयी लिहिले होते. परंतु ते लेखन भारताबाहेर फारसे वाचले गेले नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि तिथून चित्र बदलले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन पुढे मागे पडले. त्याने काही रुग्णांत नैराश्य येते, असे दिसून आले आणि अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाली. तरीही एक पद्धत रूढ झाली: वनस्पतीची कीर्ती ऐकून थांबायचे नाही, ती किती रुग्णांना, किती मात्रेत, किती दिवस दिली आणि काय झाले ते मोजून लिहायचे.

गुळवेल आणि शरदिनी डहाणूकर

डॉ. शरदिनी डहाणूकर या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. मराठी वाचकांना त्या ‘वृक्षगान’, ‘फुलवा’ या ललित पुस्तकांच्या लेखिका म्हणून अधिक परिचित आहेत. झाडांवरचे त्यांचे प्रेम आणि त्यांचे संशोधन एकमेकांपासून वेगळे नव्हते. केईएममध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभारण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासह लिहिलेले ‘आयुर्वेद रिव्हिजिटेड’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुर्वेदातील ‘रसायन’ या कल्पनेचा अर्थ आधुनिक प्रतिकारशक्तिविज्ञानाच्या भाषेत लावता येतो का, हा त्यांच्या गटापुढील मुख्य प्रश्न होता.

गुळवेलीवरील त्यांच्या गटाचे काम याचा उत्तम नमुना आहे. पित्तमार्ग अडल्याने होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रिया धोक्याची ठरते, कारण अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरून मृत्यू ओढवतो. हा प्रश्न औषधशास्त्र विभागाचा नव्हता. तो शल्यचिकित्सकांचा होता. केईएममधील शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट हे या कामात सहभागी होते. ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ या पुस्तकामुळे त्यांचा वॉर्ड मराठी वाचकांना ठाऊक आहे. प्रयोगशाळेत गुळवेलीच्या अर्काने संसर्गाशी झुंजणाऱ्या पेशींची क्षमता वाढते, असे आधी पाहण्यात आले होते. मग ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार, म्हणजे के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीला निचऱ्याच्या काळात गुळवेलीचा अर्क. निष्कर्ष १९९३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तातील संसर्गाची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ९२ टक्के होते.

आकडे डोळ्यांत भरणारे असले, तरी ३० रुग्ण ही संख्या लहान आहे. अशा निष्कर्षाची खातरजमा अनेक केंद्रांवर, शेकडो रुग्णांत व्हावी लागते. अर्क प्रमाणित होता, रुग्ण निवडक होते, मात्रा आणि कालावधी ठरलेला होता, हेही विसरता येत नाही. कारण पुढे कोविडच्या काळात हीच गुळवेल ‘गिलोय’ या नावाने घरोघरी काढे करून महिनोन्‌महिने घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी, असा एक मुद्दा होता. वाद काहीही असो, शस्त्रक्रियेआधी काही आठवडे दिलेला प्रमाणित अर्क आणि अंगणातल्या वेलीचा रोजचा काढा या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यातून स्पष्ट होते.

लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन

अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीच्या गंभीर संसर्गावरील प्रभावी औषध मूत्रपिंडाला अपाय करते. ते मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिल्यास हा अपाय कमी होतो. परदेशी बनावटीचे असे औषध अतिशय महाग होते. केईएममधील औषधशास्त्रज्ञ आणि पुढे तेथील अधिष्ठाता झालेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनतज्ज्ञ प्रा. बी. के. बछावत यांच्या सहकार्याने भारतीय बनावटीचे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन विकसित केले. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची, साथ मराठवाड्यासह राज्यभर पसरली आणि याच प्रकारच्या औषधाच्या कुप्यांसाठी रुग्णांच्या नातेवाइकांना एका शहरातून दुसऱ्या शहरात धावावे लागले. तोवर हे नाव सामान्य माणसाने कधी ऐकलेही नव्हते.

महाविद्यालयाबाहेरचे संशोधन: विंचू आणि प्राझोसिन

औषधशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असा एक शोध महाडच्या परिसरात लागला आणि तो लावणारा डॉक्टर मूळचा मराठवाड्याचा होता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या गावी झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर ते १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः मुले, दगावत होती. त्याच भागात काम करणारे डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साठते, हे १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवले होते. पण नेमका उपाय सापडला नव्हता.

बावस्कर यांनी रात्रंदिवस रुग्णांपाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदवला: दरदरून घाम, ओकारी, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग धाप, गुलाबी फेस. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर असह्य भार येतो. हा भार ज्यांच्यामार्फत पडतो त्या अल्फा ग्राहींना अडवणारे औषध हवे, हा तर्क शुद्ध औषधशास्त्राचा होता. असे औषध बाजारात होतेच. प्राझोसिन, उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर एक टक्क्याच्या आसपास आले.

पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. तेव्हा प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने फायदा होतो का, याची यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता केलेली तुलना, त्यांनी महाड येथेच ७० रुग्णांत केली. २०११ च्या ‘बीएमजे’तील निष्कर्षानुसार दहा तासांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही दिलेल्या गटात सुमारे ९१ टक्के आणि केवळ प्राझोसिन दिलेल्या गटात सुमारे २३ टक्के होते. स्वतःच गाजवलेल्या औषधापेक्षा सरस उपचार स्वतःच सिद्ध करणे, हे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे दुर्मीळ उदाहरण मानावे लागेल. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बारामतीच्या गिरिराज रुग्णालयातील डॉ. पवार आणि सहकाऱ्यांचा कीटकनाशकाच्या विषबाधेवरील अभ्यास याच जातीचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांची विषबाधा हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना प्रश्न. तिच्यावर अ‍ॅट्रोपीनबरोबर प्रॅलिडॉक्सिम देतात. हे दुसरे औषध ठरावीक तासांनी टोचण्याऐवजी शिरेतून सतत दिले तर काय होते, हे २०० रुग्णांत पाहून त्यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले: सतत दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. नंतर श्रीलंकेत झालेल्या एका चाचणीत मात्र प्रॅलिडॉक्सिमचा फायदा दिसून आला नाही आणि हा प्रश्न अद्याप वादाचा राहिला आहे.

मराठवाडा

मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले. त्याआधी निजामाच्या राज्यातील या भागातल्या मुलांना डॉक्टर होण्यासाठी हैदराबादेस जावे लागे. १९७० च्या दशकात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. ग्रामीण भागासाठी काढलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ मधील असून त्याला डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव आहे आणि ते आता विष्णुपुरी येथे आहे. लातूरमध्ये १९९० पासून खासगी महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस अँड रिसर्च आणि २००२ पासून शासकीय महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही सर्व महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली.

या भागातील औषधशास्त्र विभागांना महागडी उपकरणे आणि मोठे अनुदान सहसा मिळत नाही. त्यांच्या हाताशी असते ते रुग्णाचे केसपेपर. केसपेपर आणि औषधचिठ्ठी यांवर आधारलेला औषधयोजनेचा अभ्यास हा अशा विभागांतील संशोधनाचा सर्वांत सहज शक्य असलेला प्रकार होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये त्यासाठी साधे निकष दिले: एका चिठ्ठीत सरासरी किती औषधे आहेत, त्यांपैकी किती मूळ नावाने लिहिली आहेत, किती चिठ्ठ्यांत प्रतिजैविक आहे, कितींत इंजेक्शन आहे आणि किती औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीतली आहेत. ही यादी संघटनेने प्रथम १९७७ मध्ये केली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ ची.

वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते. पण ज्या भागात ‘सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येत नाही’ ही समजूत घट्ट आहे, जिथे साध्या सर्दीला प्रतिजैविक लिहिले जाते आणि जिथे मजुरीचा दिवस बुडवून आलेल्या माणसाला चिठ्ठीतील पाच औषधांपैकी दोनच परवडतात, तिथे कोणते औषध अनावश्यक होते हे मोजणे म्हणजे थेट त्याच्या खिशाचा आणि जिवाचा हिशेब करणे आहे. अशा अभ्यासाचे दुबळे अंग असे की तो बहुधा प्रबंधात किंवा नियतकालिकात जाऊन थांबतो. ज्या बाह्यरुग्ण विभागातील चिठ्ठ्या तपासल्या, तेथील डॉक्टरांसमोर निष्कर्ष ठेवून वर्षभराने पुन्हा मोजमाप केले, तरच चिठ्ठी बदलते. बढतीसाठी ठरावीक संख्येने शोधनिबंध आवश्यक असल्याने दुसरी फेरी करण्यापेक्षा नवा विषय घेणे प्राध्यापकांना सोयीचे पडते. यात व्यक्तींपेक्षा नियमाचा दोष अधिक आहे.

विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची वाट लवकर उघडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती देत आहे. विद्यार्थ्याने एका मार्गदर्शक शिक्षकासह प्रस्ताव पाठवायचा आणि काही महिन्यांत तो अभ्यास पूर्ण करायचा असे तिचे स्वरूप आहे. रुग्णांशी संबंधित कोणत्याही अभ्यासास संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची त्याला समजेल अशा भाषेतील लेखी संमती आवश्यक असते. औषधचाचण्यांची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत चाचणी सुरू होण्यापूर्वी करणे २००९ पासून बंधनकारक आहे.

औषधदक्षता

औषध बाजारात आल्यानंतरही त्याच्या दुष्परिणामांवर पाळत ठेवण्याच्या कामाला औषधदक्षता म्हणतात. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे युरोपात हजारो मुले अपंग जन्मली, हे १९६१ मध्ये उघड झाल्यावर अशा यंत्रणेची गरज जगाला पटली. भारतात २००४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक केईएममध्ये होते. सध्याचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत दुष्परिणाम नोंद केंद्रे असतात आणि ती चालवण्याची जबाबदारी सामान्यतः औषधशास्त्र विभागाकडे येते. तिथून नोंदी स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जातात.

वॉर्ड नसलेल्या या विभागाला या कामामुळे प्रत्येक वॉर्डात जाण्याचे कारण मिळाले. अंगावर उठलेले पुरळ, तोंडाची सोललेली त्वचा, क्षयाच्या औषधांनी आलेली कावीळ, फिटच्या गोळीने सुजलेल्या गाठी अशा नोंदी परिचारिका, आंतरवासिता करणारे डॉक्टर आणि औषधनिर्माते यांच्याकडून गोळा होतात. दुष्परिणाम त्या औषधानेच झाला याची खात्री नोंद करणाऱ्याला असण्याची गरज नसते; संशय पुरेसा असतो. औषधाने झालेला अपाय कळवला तर आपल्यावरच बालंट येईल, ही डॉक्टरांच्या मनातील भीती नोंदी कमी होण्याचे एक प्रमुख कारण समजले जाते. वस्तुतः नोंद करणाऱ्याचे आणि रुग्णाचे नाव गोपनीय ठेवले जाते आणि नोंदीचा उपयोग कायदेशीर कारवाईसाठी होत नाही.

रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही स्वतः नोंद करू शकतात. ग्राहकांसाठीचा नमुना मराठीतही उपलब्ध असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती देता येते. काढे, चूर्णे आणि गावठी औषधे घेतली असतील तर तीही त्यात लिहायची असतात.